फोटोमागचा शिक्का

निवृत्त झाल्यावर माणसं कुंड्यांत मिरच्या लावतात, नाहीतर सकाळी नाशिकच्या गंगापूर रोडला घोळक्यानं फिरतात आणि सरकारला सल्ले देतात. मी लोकांचे फोटो उडवायला लागलो.

मराठीत माहिती गोळा करणारी एक वेबसाइट आहे, सगळ्यांनी मिळून चालवलेली. कुणीही यावं, आपल्या गावाबद्दल चार ओळी लिहाव्यात, फोटो टाकावा. एकदा टाकला की तो फोटो कुणीही फुकट वापरावा, शाळेच्या वहीत चिकटवावा नाहीतर पुस्तकात छापावा. अट एवढीच की देणाऱ्याला तो द्यायचा हक्क हवा. म्हणजे फोटो स्वतः काढलेला असावा, किंवा ज्यानं काढला त्याची लेखी परवानगी आणावी. माझं तिथलं खातं मुलीनं उघडून दिलं, कारण मी घरी बसून तिच्या आईचं डोकं खातो अशी तक्रार तिच्याकडे गेली होती. वर्षभरातच तिथल्या मंडळींनी मला परवानग्या तपासायला बसवलं. ते काम दुसऱ्या कुणालाच नको होतं.

मला मात्र ते आवडलं. माझी सगळी नोकरी दस्त नोंदणीच्या कचेरीत गेली. समोर येणाऱ्या प्रत्येकाला मी एकच प्रश्न विचारत आलो, की सही करणारा कोण आणि त्याला हा अधिकार कुठून आला. बाप मेला तर वारस किती, सगळे हजर आहेत का, बहिणीची संमती कुठे आहे. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही म्हणतात ते खोटं नाही. वेबसाइटवर कुणी धबधब्याचा देखणा फोटो टाकला की लोक वा वा करायचे आणि मी खाली विचारायचो, फोटो कुणी काढला? उत्तरं ठरलेली असायची. नेटवरून घेतला. ग्रुपवर आला होता. देवाचा फोटो आहे, त्याला कसली परवानगी? आठ दिवसांची मुदत द्यायची आणि नवव्या दिवशी फोटो काढून टाकायचा. बायको मला ‘रजिस्ट्रारसाहेब’ म्हणायची ती काही कौतुकानं नव्हे.

त्या पावसाळ्यात येवल्याच्या एका बाईंनी बावीस फोटो टाकले. काळे-पांढरे, जुने, कडा पिवळ्या पडलेले. येवल्यात पैठणीचे माग आहेत हे सगळ्यांना ठाऊक असतं, पण मागावर बसलेला विणकर सोडून दुसरा फोटो सहसा कुणी टाकत नाही. ह्यांच्या फोटोंत माग कुठेच नव्हता. घराच्या आतल्या खोलीत बसून रेशमाच्या कांड्या भरणाऱ्या बायका होत्या. कुणी रहाट फिरवतेय, कुणी तुटलेला धागा दातांनी ओढतेय, कुणी तोंडावर हात धरून हसतेय. फोटो सुंदर होते हे मी आज म्हणतोय. त्या दिवशी मी ते नीट पाहिलेच नाहीत, कारण बाईंनी प्रत्येक फोटोची मागची बाजूही टाकली होती, आणि मागे गोल शिक्का होता. एका फोटो स्टुडिओचा शिक्का, मध्ये एका पुरुषाचं नाव.

फॉर्ममध्ये मात्र बाईंनी ‘हे माझे स्वतःचे काम आहे’ यावर टिक केली होती.

झालं. मी आमचा ठरलेला मजकूर त्यांच्या पानावर चिकटवला. आपण टाकलेल्या चित्रांवर अन्य व्यक्तीच्या मालकीचा शिक्का आढळतो, तरी संबंधितांची लेखी परवानगी आठ दिवसांत सादर करावी, अन्यथा चित्रे हटवण्यात येतील. ‘संबंधितांची’ हा शब्द माझा. कचेरीत हजारदा वापरलेला, गुळगुळीत झालेला.

आठव्या दिवशी उत्तर आलं. “भाऊ, सगळ्यांच्या सह्या मिळाल्या नाहीत. एक राहिली. तुमचा नियम असेल तसं करा. तुम्हाला त्रास झाला, माफ करा.” खाली पूर्ण पत्ता आणि मोबाइल नंबर. नवी माणसं पत्राखाली लिहितात तसा सगळ्या जगासमोर नंबर लिहून मोकळी होतात. ते दोन्ही मी पुसलं, पण आधी वहीत टिपून ठेवलं, ही माझी आणखी एक खोड.

‘सगळ्यांच्या सह्या’ हे वाचून मला वाटलं, कुठंतरी पाणी मुरतंय. फोटोग्राफर वारला असणार, वारसांत फाटलं असणार, एक भाऊ सही देत नसणार. असली प्रकरणं मी डोळे मिटून ओळखतो असा माझा समज होता. मी बावीसही फोटो उडवले आणि शेऱ्यात लिहिलं, ‘वारसांची संमती अपूर्ण. स्वतःचे काम असल्याचा दावा चुकीचा.’

हा शेरा कुणालाही वाचता येईल असा तिथे पडून राहिला.

दोन-तीन दिवसांनी दुपारी मी जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप घेऊन बसलो होतो. काढून टाकलेलं आम्हा तपासणाऱ्यांना तरीही पाहता येतं. महिन्याचा आढावा घेत होतो. बायको समोर मेथी निवडत बसली होती, आणि मी तिला लोक कसे खोटं बोलतात ते ऐकवत होतो. दुसऱ्याच्या कामावर सर्रास आपलं नाव लावतात, आता ही येवल्याचीच बाई बघ, म्हणून मी लॅपटॉप तिच्याकडे वळवला.

तिनं चष्मा वर केला आणि पाहिलं. मग मेथी बाजूला सारली, हात पुसले आणि म्हणाली, “पुढचा दाखवा.” असे तिनं सगळे पाहिले. एका फोटोत एक बाई पाय पसरून भिंतीला टेकली होती, मांडीवर मूल पदराआड पीत होतं आणि ती मान मागे टाकून खदखदा हसत होती. पदर डोक्यावरून कधीच घसरलेला.

“हा फोटो पुरुषानं काढलाय म्हणता तुम्ही?”

“शिक्का आहे मागे.”

“शिक्का राहू दे. समोर बघा ना. परका पुरुष कॅमेरा घेऊन समोर उभा असता तर ही अशी बसली असती का? त्या काळात? पदर तरी सावरला असता की नाही? अहो, ह्या सगळ्या जणी समोरच्या माणसाशी बोलतायत. ही तर काहीतरी चावट बोलतेय, तोंडावरून कळतंय.” मेथीची जुडी पुन्हा पुढ्यात ओढत तिनं विचारलं, “पाठ वाचायचं तुमच्या कचेरीत शिकवलं, तोंड वाचायचं नाही का शिकवलं?”

मला तोंडात मारल्यासारखं झालं. मी पुन्हा पहिल्यापासून सगळे फोटो पाहिले. बावीसही फोटोंत एकीचाही पदर डोक्यावर नव्हता. आणि तेव्हा कुठे माझ्या डोक्यात शिरलं की जिला चोरी करायची असते ती मागची बाजू स्वतःहून कशाला दाखवेल? लबाड माणूस आधी शिक्का लपवतो. हिनं काही लपवायला नको म्हणून दोन्ही बाजू टाकल्या होत्या आणि तिच्या त्याच प्रामाणिकपणावरून मी तिला खोटारडी ठरवलं होतं. लाज वाटली. ती कुणाला सांगता येईना, म्हणून जास्त वाटली.

फोन केला असता तर काम झालं असतं. पण शेरा मी सगळ्यांसमोर मारला होता, माफी फोनवर मागणं बरं दिसेना. दुसऱ्या दिवशी सकाळी एसटीनं येवल्याला गेलो. निघताना बायकोनं डब्यात सांज्याच्या पोळ्या दिल्या, म्हणाली, “त्यांना द्या. आणि साहेबासारखं बोलू नका.”

बाई सत्तरीच्या पुढच्या. बारीक चणीच्या, चष्म्याच्या काड्यांना दोरी बांधलेली. मुलगा-सून दुकानावर गेले होते. पुढच्या खोलीत भिंतीवर नवऱ्याचा मोठा फोटो, त्याला ताजा झेंडूचा हार. ताकाला जाऊन भांडं कशाला लपवा, मी बसल्या बसल्याच सांगितलं, “ताई, तुमचे फोटो काढून टाकणारा तो मी.”

“आगं बया! त्यासाठी इतक्या लांब आलात? फोन करायचा की.” त्या आत गेल्या. मला वाटलं पाणी आणायला. आल्या त्या पाणी आणि एक शंभर पानी वही घेऊन आल्या. “बघा, मी आळस नाय केला. आठ दिवस फिरत होते. एकवीस झाल्या, एक तेवढी राहिली.”

मी वही उघडली. प्रत्येक पानावर एकेका फोटोची झेरॉक्स चिकटवलेली, आणि खाली एकाच हस्ताक्षरात, बहुतेक बाईंच्याच, तेच वाक्य लिहिलेलं. ‘हा फोटो हिने आमच्या घरात काढला. तो सगळ्यांना दाखवायला माझी हरकत नाही.’ खाली सही. काही ठिकाणी अंगठा. जिथे फोटोतली बाई आता हयात नव्हती तिथे तिच्या लेकीची नाहीतर सुनेची सही. त्या हसणाऱ्या बाईच्या पानावर थरथरत्या हातानं सही केलेली, आणि शेजारी मांडीवरच्या त्या मुलाचीही सही. तो आता पन्नाशीचा असेल.

मी आयुष्यात संमतीपत्रांचे ढीग पाहिलेत, पण अशी वही कधी पाहिली नव्हती.

“तुम्ही लिहिलं होतं ना, संबंधितांची परवानगी आणा,” बाई म्हणाल्या. “मला वाटलं, बरोबरच हाय. फोटो माझ्याकडं असला तरी तोंड तिचं. तिला नको विचारायला? एक विडी वळणारी होती, फोटोपुरती कांड्या भरायला येऊन बसली होती. ती गेली, मागं कुणीच नाय. तिची सही कुठनं आणू? म्हणून म्हटलं, काढून टाका.”

“ताई, आमच्या नियमात फोटोतल्या माणसाची सही लागत नाही.”

“तुमच्या नसंल लागत,” त्या शांतपणे म्हणाल्या.

मग शक्य तितक्या साध्या शब्दांत सांगितलं, की मला परवानगी हवी होती ती फोटो काढणाऱ्याची. एकच सही. ज्यानं कॅमेरा धरला त्याची.

त्या पदराशी चाळा करत राहिल्या. “शिक्का तर त्यांचा हाय,” म्हणाल्या.

“शिक्क्याचं सोडा. फोटो कुणी काढला?”

त्यांनी भिंतीकडे पाहिलं, नवऱ्याच्या फोटोकडे. मग खालच्या आवाजात, शेजारच्या खोलीत कुणी झोपलंय अशा बेतानं, सांगायला लागल्या. स्टुडिओ नवऱ्याचा. पण लग्नाला दाखवायच्या मुलींना तेव्हा घरचे लोक स्टुडिओत पाठवत नसत, म्हणून नवऱ्यानं हिलाच कॅमेरा शिकवला. ही घरोघरी जाऊन मुलींचे फोटो काढायची. रोलमध्ये बारा फोटो असायचे. गिऱ्हाइकाचं काम झालं की दोन-तीन उरायचे, आणि रोल तसाच ठेवून भागत नसे, कारण फोटो लगेच हवे असायचे. ते उरलेले फोटो हिचे. जिथं गेली असेल तिथल्या बायांचे, मनाला येईल तसे.

“ऑर्डरचे नव्हते ना हे?” माझ्यातला कारकून काही गप्प बसेना.

“छ्या! असल्यांची ऑर्डर कोण देणार? धागा दातात धरलेल्या बाईचा फोटो कुणाला पाहिजे असतोय?” त्या पहिल्यांदाच हसल्या. “पण हे नाय ओरडले कधी. रात्रभर बसून धुवायचे. माझे फोटो तर जास्त मन लावून धुवायचे. आणि दर वेळी विचारायचे हां, शिक्का मारू का? मी म्हणायचे, मारा. फोटो बाईनं काढलाय म्हटलं की लोक म्हणायचे, मग नीट आला नसंल. म्हणून मारा म्हणायचे.” थोडं थांबून म्हणाल्या, “दर वेळी विचारलं, भाऊ. चोरून नाय मारला. फक्त, तुझं नाव लिहू का, असं एकदाबी नाय विचारलं. आणि मीबी नाय म्हटलं कधी.”

बाहेर रस्त्यावरून कांद्याचा ट्रॅक्टर गेला.

“तिथं टिक करायला आलं ना, स्वतःचं काम म्हणून,” त्या म्हणाल्या, “तेव्हा कसा कोण जाणे, हात धजला. सून म्हणाली, बाबांचे फोटो ना हे? मी काय बोलले नाय. टिक केली. मग तुमचा मेसेज आला आणि वाटलं, बघ, देवानं लगेच दाखवलं. मेलेल्या माणसाला खोटं पाडायला निघाली होतीस.”

देव कसला, मीच होतो तो, गंगापूर रोडवर चहा पीत बसलेला. मी तसं त्यांना सांगितलंसुद्धा. चूक माझी, तुमची टिक शंभर टक्के खरी होती, माझा शेरा खोटा होता. त्या ‘असू द्या, असू द्या’ म्हणत राहिल्या, पण डोळे भरून आले होते. माझेही काही वेगळे नव्हते.

मग मी फोनवर परवानगीचा नमुना उघडला आणि एकेक कलम वाचून समजावलं. फोटो कुणीही वापरेल. कापेल, रंगवेल, छापून विकेलसुद्धा, तुम्हाला काही मिळणार नाही. हे ऐकताना माणसं नेहमी बिचकतात. बाई मान हलवत होत्या. शेवटचं कलम मी आजवर इतक्यांना वाचून दाखवलंय की ते माझ्या तोंडून आपोआप बाहेर पडतं. वापरणाऱ्यानं प्रत्येक वेळी फोटो काढणाऱ्याचं नाव देणं बंधनकारक आहे.

“थांबा,” बाई म्हणाल्या. “हे परत वाचा.”

मी परत वाचलं.

“म्हणजे कुणीबी घेतला तरी माझं नाव लिहावंच लागंल?”

“लागेल.”

“मी मेल्यावर?”

“तरीही.”

त्यांनी भिंतीवरच्या फोटोकडे मान वळवली. मग म्हणाल्या, “आणि ह्यांचं? ह्यांनी धुतलेत ते. अंधारात बसून डोळे बिघडवून घेतले माणसानं. त्यांचं नाव नकोच म्हणता का तुम्ही?”

“नको कसं? धुणाऱ्याचं नाव खाली माहितीत लिहू. शिक्काही राहू दे, मागची बाजू आपण तशीच ठेवू. आता मला तुमचं पूर्ण नाव सांगा.”

त्यांनी आपलं नाव सांगितलं. मग अडखळल्या, आणि एकदम आडनाव सांगितलं. मधलं नाव तोंडातून निघेना. पन्नास वर्षं संसार केला, कॅमेरा घेऊन गावभर फिरल्या, पण नवऱ्याचं नाव काही घेतलं नव्हतं. मी वही त्यांच्यापुढे सरकवली. त्यांनी चष्मा नीट केला आणि लिहिलं. आपलं नाव, मग त्यांचं, मग आडनाव. लिहून झाल्यावर त्याच्याकडे पाहिलं आणि त्यांचा चेहरा एकदम मोकळा झाला.

“हे बघा की,” म्हणाल्या. “हे तर मधी येतातच.”

“येणारच की, ताई.”

“मग कुठं खोटं पडतायत ते!”

निघताना त्यांनी विचारलं, हे बाईनं काढलेत ते तुम्हाला उमगलं कसं? मला नाही उमगलं, बायकोनं सांगितलं, असं मी कबूल केलं आणि सांज्याच्या पोळ्यांचा डबा पुढे केला. त्या खूष झाल्या. म्हणाल्या, “मग त्या तुमच्या शेऱ्यात तिचं नाव घाला.” मी घातलं. जुना शेरा खोडून ‘तपासणीतील चूक पत्नीने लक्षात आणून दिली’ असं लिहिलं, पुढे तिचं पूर्ण नाव. इतर तपासणाऱ्यांनी थोडी थट्टा केली. बायकोनं ते पान स्वतःच्या फोनवर उघडून दोनदा वाचलं आणि संध्याकाळी न मागता भजी केली.

परवानगी मात्र नियमाप्रमाणे बाईंच्याच मेलवरून यायला हवी होती. कशी पाठवायची ते मी त्यांना कागदावर लिहून दिलं होतं, की एकच मेल, त्यात फोटोंची यादी, खाली नाव. सोमवारी परवानग्यांची पेटी उघडली तर एका पत्त्यावरून एकवीस मेल येऊन पडलेले. विडी वळणारीचा फोटो त्यात नव्हता. प्रत्येक मेलमध्ये एकच फोटो, फोटोतल्या बाईची दोन ओळींत ओळख, आणि खाली पूर्ण वाक्य, ‘हा फोटो मी स्वतः काढला आहे’. त्याखाली तिन्ही नावं आणि गाव.

एकेका मेलची वेगळी नोंद करावी लागते, तिला क्रमांक द्यावा लागतो, मग तो फोटो परत ठेवून त्यावर तो क्रमांक चढवावा लागतो. सातव्या मेलला मी वैतागलो. स्वभावाला औषध नसतं. फोन लावला.

“ताई, एका मेलमध्ये सगळे बसले असते हो. मी लिहून दिलं होतं तुम्हाला.”

“माहीत हाय, भाऊ,” त्या म्हणाल्या. “पण लिहायला लय बरं वाटत होतं.”

राहिलेले चौदा मेल मी तसेच, एकेक करून नोंदवले.